लाल वर्तुळातला कळस

आमच्याकडे चिपळूणच्या बाजूला देवळावर ड्रोन उडवायचा तर आधी गुरवाला गाठावं लागतं. तो देवीला कौल लावतो. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर पुढच्या वर्षी या. मला आजवर दोनदा नकार मिळालाय आणि दोन्ही वेळा मी यंत्र पिशवीत ठेवून निमूट घरी आले. हे आधीच सांगते, कारण लातूरला मी जे केलं ते वाचून कुणाला वाटेल, ह्या बाईला विचारून काम करायची सवयच नसावी.

माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळांचे वार्षिक कार्यक्रम. चार वर्षांपूर्वी रीतसर शिकून ड्रोन उडवायचा परवाना काढला, तेव्हापासून बाहेरची कामं येऊ लागली. पुण्यातला मंदार नावाचा एक दिग्दर्शक गोदावरी आणि मांजरा ह्या नद्यांच्या मुलखातल्या देवस्थानांवर माहितीपट करत होता. जमिनीवरचं चित्रण त्याचं झालेलं होतं. वरून घ्यायची दृश्यं राहिली होती. नांदेडचा गुरुद्वारा, इस्लापूरजवळचं सहस्रकुंड आणि लातूरजवळच्या एका गावातला खंडोबा, अशी तीन ठिकाणं त्याने मला लिहून दिली. मार्गशीर्ष लागला होता आणि खंडोबाच्या देवळावर चंपाषष्ठीलाच नवा कळस चढणार होता, म्हणून तारीख हलवता येत नव्हती.

नांदेड

स्टेशनवर मला घ्यायला गंगाधरराव आले होते. बिलोलीचे, पन्नाशी उलटलेले, स्वतःची जीप भाड्याने चालवणारे. बोलताना मधेच फोन आला की तेलुगूत शिरायचे, कारण बहीण सीमेपलीकडे तेलंगणात दिलेली. माझी काळी पेटी मागच्या सीटवर ठेवताना त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्याच्यात काय हाय? हार्मोनियम?"

मी उघडून दाखवलं. त्यांनी बोटाने एक पातं फिरवून बघितलं आणि म्हणाले, "मायला, हे तर ब्लेडवानी हाय."

ड्रोन उडवणाऱ्याने कुठेही पोहोचल्यावर आधी सरकारी नकाशा बघायचा असतो. हिरव्या भागात उडवायला हरकत नाही. पिवळ्यात विमानतळाची परवानगी लागते. लाल असेल तर सरकारची खास मंजुरी हातात पडेपर्यंत पेटी उघडायचीच नाही. नांदेडला विमानतळ आहे, लातूरलाही आहे. गुरुद्वाऱ्यासाठीचा अर्ज मंदारने करायचा होता. तो त्याने केला होता, पण मी गाडीत बसले त्याच्या आदल्या दिवशी.

विमानतळाच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ताई, हे इतक्या उशिरा? ह्याला वेळ लागतो. ह्या खेपेला होणार नाही." त्याच्या बोलण्यात कुठे आडमुठेपणा नव्हता. चूक आमचीच होती.

तरी मी गुरुद्वाऱ्यात गेले. जोडे ठेवायच्या जागी सोन्याच्या अंगठ्या घातलेले एक गृहस्थ मांडी घालून लोकांच्या चपला पुसत होते. माझ्या चपलांना रस्त्यातला चिखल लागला होता. मी ओशाळून त्या मागे घेतल्या तर त्यांनी हात पुढे करून मागून घेतल्या. कार्यालयात एक वयस्क सेवादार होते, पांढरी दाढी, निळी पगडी, आणि बोलणं अस्सल नांदेडचं. मला वाटलं होतं हिंदीत बोलावं लागेल.

"हिंदी कशाला? आमच्या चार पिढ्या हितंच गेल्या," ते म्हणाले. माझी अडचण त्यांनी ऐकून घेतली. "आमच्याकडून ना-हरकत पायजे असंल तर कमिटीला विचारून सांगतो. पण ताई, जमीन आमच्याकडं हाय. वरचं आभाळ विमानतळाकडं हाय. तितलं आम्ही कसं देणार?"

मग त्यांनी मला लंगरमध्ये नेऊन बसवलं. डाळ, रोट्या, खीर. आमच्याकडे देवळातला प्रसाद म्हणजे हाताच्या खळग्यात मावेल एवढा. इथे वाढणारा दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. माझ्या शेजारी बाजारातून परतलेली दोन कुटुंबं बसली होती, भाजीच्या पिशव्या मांडीशी. वरून हे काहीच दिसलं नसतं हे मला तेव्हा जाणवलं नाही. जाणवलं एवढंच, की यादीतलं पहिलं ठिकाण रिकामं गेलं.

मंदारला फोन केला. तो म्हणाला, "एखाद्या गच्चीवरून दोन मिनिटं नाही का जमणार?"

"नाही," मी म्हणाले, आणि ते म्हणताना मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

इस्लापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी किनवटच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधे तुरीचे पट्टे. आमच्या डोळ्यांना सवय असते ती झाडीची आणि चढउतारांची. इथे जमीन इतकी सपाट की समोरून येणारी एसटी जवळ यायला किती वेळ लागतो ते गंमत म्हणून मोजत बसले. किनवटकडे सरकल्यावर मात्र टेकड्या आणि साग सुरू झाला.

सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या कातळावरून खाली पडते. पाऊस संपून दोन महिने झाले होते, तरी धारा बऱ्यापैकी होत्या. काठावर महादेवाचं देऊळ. नकाशावर हा सगळा भाग हिरवा. पुजाऱ्याला विचारलं, त्याने मान हलवली. कागदावर सगळं बरोबर होतं, तेव्हा मी निर्धास्तपणे ड्रोन वर नेला.

धबधबा छान आला. मग खालच्या बाजूला, खडकाआड, पाण्याचा एक शांत डोह दिसला आणि त्याच्या कडेने कातळावर वाळत घातलेली लुगडी. लाल, हिरवी, पिवळी. काळ्या दगडावर ते रंग इतके सुरेख दिसत होते की मी ड्रोन खाली घेतला. डोहात बायका होत्या. त्या एकदम गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. मी लगेच फिरवला, पण चार-सहा सेकंदांचं चित्रण झालंच.

दहा मिनिटांनी त्यांच्यातली एक वर आली. ओले केस, लुगडं घाईत गुंडाळलेलं, हातात खरोखरच एक दगड.

"तू उडवून राहिलीस का ते?"

"हो. चुकून झालं, मावशी."

"बाई हायस म्हनून तोंडानं बोलून राहिले. बाप्या असता तर हेच डोस्क्यात घातलं असतं." तिने दगड खाली टाकला. "आम्ही सासूच्या अस्थी टाकून आंघोळ करून राहिलो. दाखव काय काढलंस ते."

मी छोट्या पडद्यावर दाखवलं. ती शांतपणे बघत राहिली आणि म्हणाली, "पूस."

मी तो तुकडा पुसला.

"समदं पूस. मला काय कळतंय कशात काय हाय."

धबधब्याच्या चांगल्या चित्रणात ती नव्हती हे मी तिला समजावू शकले असते. तिच्या मागे आणखी तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी सगळं पुसलं. मग त्यांच्यातलीच एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे गं, पोटात काय हाय का तिच्या ते इचार," आणि त्यांनी मला फडक्यात बांधून आणलेले धपाटे आणि ठेचा खायला लावला. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या सगळ्या हसल्या. धबधबा मी नंतर पुन्हा चित्रित केला, पण ढग आले होते आणि पहिल्यासारखं काही जमलं नाही.

लातूरच्या अलीकडे

ज्या गावात खंडोबाचं देऊळ आहे त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या लोकांना माझ्यामुळे पुरेसा त्रास झालाय.

चंपाषष्ठीच्या सकाळी पोहोचलो तेव्हा साऱ्या गावात वांगी भाजल्याचा वास होता. ह्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. आमच्याकडे खंडोबाचं एवढं प्रस्थ नाही, त्यामुळे हे मला नवीन होतं. देऊळ गावाबाहेर एका टेकाडावर, वर चढायला पंचवीस-तीस दगडी पायऱ्या. शिखराभोवती बांबूची परांची बांधलेली. पितळी कळस खाली पाटावर, हळदीकुंकवात न्हालेला. गावाने तीन वर्षं वर्गणी जमवून शिखर बांधलं होतं. देवस्थान समितीचे माणिकराव, साठीचे, नवा पटका बांधलेले, माझ्या पेटीकडे बघून म्हणाले, "आता खरी शोभा येनार."

मी नकाशा उघडला. देऊळ लाल वर्तुळात होतं.

असं होईल ह्याची मला कल्पना असायला हवी होती. येताना डाव्या हाताला विमानतळाची पाटी मी वाचली होती. मंदारने गावाचं नाव दिलं, मी चंपाषष्ठीची तारीख पक्की केली, आणि दोघांपैकी कुणीच ठिकाण आधी तपासलं नाही.

"इथे नाही उडवता येणार," मी माणिकरावांना म्हणाले. "विमानतळ जवळ आहे."

"अवो, इमानं काय एस्टी हाय का दर तासाला याला? कवातरी एखांदं येतंय."

"तरी पण."

ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, एवढंच. माझ्या भोवती जमलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं, "मॅडमला नियम हाय." लोक एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, पाहुण्यांना मुद्दाम पुण्याहून मुंबईहून बोलावलंय, ड्रोन येणार म्हणून. मी बाजूला जाऊन मंदारला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नांदेड गेलं. सहस्रकुंडचं चांगलं तेवढं पुसलंस. तूच सांग, मी काय दाखवू?"

तो काही चुकीचं बोलत नव्हता. पण त्याने मला उडव असं म्हटलं नाही, माणिकरावांनीही पुन्हा आग्रह केला नाही. हे स्पष्ट लिहायला हवं. गंगाधरराव जीपला टेकून उभे होते. मी पेटी उघडू लागले तसे ते जवळ आले.

"मॅडम, नांदेडात न्हाई म्हन्लात की तुमी."

"चार मिनिटं फक्त," मी म्हणाले. "शिखराच्या वर फारसा नेणारच नाही."

हलगी सुरू झाली. गवंडी परांचीवर चढले, दोराला बांधलेला कळस वर जाऊ लागला. "यळकोट यळकोट जय मल्हार" असा गजर झाला आणि भंडाऱ्याची मूठ उधळली गेली. मी ड्रोन वर घेतला. पडद्यावर पिवळ्या धुक्यातून वर येणारा कळस, खाली माणसांची दाटी, पलीकडे तुरीची शेतं. इतकं चांगलं दृश्य मी आजवर घेतलं नव्हतं. माझ्या मनात त्या क्षणी विमानतळ नव्हता, नियम नव्हता, काही नव्हतं.

आवाज आला तेव्हा आधी मला ट्रॅक्टर वाटला. मग गंगाधरराव ओरडले, "मॅडम, तिकडं!"

तुरीच्या शेतांवरून एक छोटं विमान येत होतं, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी खाली. ते बाजूने निघून गेलं. आमच्यात आणि त्याच्यात पुष्कळ अंतर होतं असं आता वाटतं. त्या वेळी मला अंतराचा काही अंदाज राहिला नाही. मी ड्रोन सरळ खाली ओढला. तो परांचीच्या बांबूला अडकला, एक पातं तुटलं, आणि उरलेली पाती फिरत असतानाच तो पायऱ्यांवर बसलेल्या बायकांमध्ये पडला.

एका बाईने तोंड वाचवायला हात वर केला होता. तो कोपरापासून मनगटाकडे चिरला गेला.

त्यांचं नाव रुक्मिणबाई. वय साठीच्या आसपास. गुडघे धरल्यामुळे वरपर्यंत न जाता त्या आठव्या-नवव्या पायरीवर बसल्या होत्या. भंडारा आणि रक्त मिसळून त्यांच्या पदरावर कसलासा नारिंगी चिखल झाला. ओरडल्या त्या नाहीतच. "अगं माय, काय पडलं हे," एवढंच म्हणाल्या. गंगाधररावांनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढून हाताला करकचून बांधला आणि त्यांना जवळजवळ उचलूनच जीपमध्ये घातलं. मी मागे बसून त्यांचा हात वर धरून ठेवला. खड्ड्यात जीप आदळली की तो माझ्या पकडीतून निसटायचा, शेवटी रुक्मिणबाईच म्हणाल्या, "नीट धर ना बाई."

माणिकराव पुढे बसले होते. आरोग्य केंद्र यायच्या आधी ते मागे वळले. "डाक्टरला सांगू, पायरीवरनं पडल्या. पत्रा लागला. काय वो काकू?"

रुक्मिणबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"तुमच्यावर बी नको, गावावर बी नको," ते मला म्हणाले. "आजच्या दिशी देवळात पोलीस नको. समदं गाव गप ऱ्हाईल."

ते माझ्यासाठीच बोलत होते. परवाना जाणार होता. चार वर्षांत उभं केलेलं काम जाणार होतं. गंगाधरराव आरशातून माझ्याकडे बघत होते.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पंचा सोडला, जखम धुतली आणि विचारलं, "कशाने लागलं हे?"

माणिकराव म्हणाले, "पायरीवरनं पडल्या. पत्रा..."

"पायरीने असं कापत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पत्रा असेल तर इंजेक्शनचं बघावं लागेल. नीट सांगा."

"ड्रोनच्या पात्याने," मी म्हणाले. "माझा ड्रोन होता. तिथे उडवायला परवानगी नव्हती."

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग मला पोलिसांना कळवावं लागेल."

"मीच जाते," मी म्हणाले.

नऊ टाके पडले. नस वाचली होती. बोटं हलत होती. हे कळेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले, मग गंगाधरराव मला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. जबाब मराठीत स्वतःच्या हाताने लिहून दिला. फौजदारसाहेबांनी दोनदा विचारलं, "कुणी सांगितलं होतं उडवायला?" दोन्ही वेळा मी लिहिलं, कुणी नाही. मोडका ड्रोन, रिमोट आणि चित्रणाचं कार्ड पंचनामा करून जमा झालं. विमान चालवणाऱ्याला तो दिसला होता की नाही हे मला अजूनही माहीत नाही. बाहेर आल्यावर गंगाधररावांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "आता जेवून घ्या. सकाळपासून पोटात काय न्हाई." वाटेत एका घरून त्यांनी भरीत-रोडगा मागून आणला होता. जीपच्या बॉनेटवर कागद पसरून आम्ही तो खाल्ला.

मंदारला मी संध्याकाळी सांगितलं. तो बराच वेळ "सॉरी" म्हणत राहिला. मी त्याला म्हटलं, आधी त्या बाईंचं औषधपाणी बघू.

निघायच्या दिवशी

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधं आणि फळं घेऊन रुक्मिणबाईंच्या घरी गेले. पत्र्याचं, नुकतंच सारवलेलं अंगण असलेलं घर. सून दारातच होती. तिने औषधं घेतली, फळं घेतली नाहीत.

"कापसाच्या येचणीला जानार हुत्या त्या," ती म्हणाली. "आता दोन म्हयने कोन येचनार?"

मी येते असं म्हणायला हवं होतं, पण ते खोटं झालं असतं. ती आत निघून गेली.

रुक्मिणबाई बाजेवर बसल्या होत्या. हात गळ्यात बांधलेला, चेहरा सुजलेला, रात्री झोप नसावी. माझ्याकडे बघून त्यांनी बाजेवर जागा केली.

"खूप दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय की. न्हाई कशाला म्हनू?" मग थोड्या वेळाने, "तुझं यंत्र गेलं म्हनं."

"हो. पोलिसांकडे आहे."

"आन् त्यातलं चित्र?"

"तेही."

"म्हंजे बघाया न्हाई मिळायचं." त्या थोड्या हिरमुसल्या. "तू तर बघितलंस ना? सांग मला. कसं दिसत हुतं?"

मी सांगायला लागले. परांचीचे बांबू वरून काड्यांसारखे. मधे कळस, उन्हात चमकणारा. भंडाऱ्याचा ढग शिखराच्या एका अंगाने वाहून गेलेला. गवंड्यांचे हात. पायऱ्या, आणि पायऱ्यांवर बसलेल्या बायका.

"मी दिसले का?"

"दिसलात. निळं लुगडं."

"आन् लोकं? समदी लोकं काय करत हुती?"

"वर बघत होती."

"कळसाकडं?"

मी हो म्हणू शकले असते. कार्ड पोलिसांकडे होतं, कुणी तपासायला येणार नव्हतं. पण पडद्यावर मला जे दिसलं होतं ते मला स्वच्छ आठवत होतं. शंभर-दोनशे चेहरे, सगळे थेट माझ्या कॅमेऱ्यात बघणारे. काही जण हात हलवत होते. कळस त्यांच्या डोक्यावरून एका बाजूने वर जात होता.

"नाही," मी म्हणाले. "ड्रोनकडे."

"मी बी तिकडंच बघून राहिले हुते," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं पैकं जमवले आन् कळस बसला तवा कुनी बघितलाच न्हाई म्हन."

त्यांनी चांगला हात बाजेच्या कडेला टेकला आणि उठायला लागल्या. मी आधार दिला. गुडघे धरत धरत त्या अंगणाच्या कडेला, चुलीच्या मागे गेल्या. तिथून घरांच्या पत्र्यांवरून टेकाड दिसत होतं. परांची अजून काढली नव्हती. तिच्या बांबूंच्या वर कळसाचं टोक तेवढं उन्हात दिसत होतं, अंगठ्याएवढं.

आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि डावा हात कपाळाला लावला, उजवा बांधलेला होता म्हणून.

माझा परवाना थांबवलाय, सुनावणी व्हायची आहे. माहितीपटात त्या देवळाचं जमिनीवरून घेतलेलं एकच दृश्य आहे. रुक्मिणबाईंचे टाके निघाले. हात पूर्ण वळत नाही असं गंगाधररावांनी फोनवर सांगितलं, ते अधूनमधून तिकडे जाऊन येतात.

त्या सकाळी मात्र आम्ही किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. मागून सुनेचा आवाज आला, "आत्या, चहा केलाय दोन कप. गार हून राहिला."